अमेरिकेत कॉलेजच्या महिला गोल्फ टीमची कोच होणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं गोल्फ लष्करी छावणीतलं. तिथे ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या, जागी तेल मुरवलेल्या वाळूचा ब्राऊन असायचा आणि प्रत्येक पटनंतर (चेंडू भोकात ढकलायच्या हलक्या फटक्यानंतर) आपल्या पावलांच्या खुणा आपणच पुसायच्या. गवतावर पहिला पट मारला तो पुण्यात, येरवड्याला. पुढे अमेरिकेतल्या एका डिव्हिजन टू (कॉलेज खेळांच्या तीन स्तरांपैकी मधल्या) कॉलेजात चार वर्षं खेळले. आता तशाच दुसऱ्या एका कॉलेजात महिला टीमची असिस्टंट कोच आहे आणि हे माझं सहावं वर्ष. सुट्टीत पुण्याला आले की मुली, त्यांचे आईवडील आणि क्लबातले कोच त्याच त्या गोष्टी विचारतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

कॉलेजची कोच म्हणजे स्विंग शिकवणारी बाई ना?

हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो. कॉलेजात येणारी मुलगी दहा-बारा वर्षं खेळून आलेली असते. तिचा स्वतःचा स्विंग कोच असतो, कधी दुसऱ्या देशात, आणि व्हिडिओ त्याच्याकडे जात असतात. तो स्विंग मोडून नव्याने बांधायला गेलात, तर मुलीचं वर्ष वाया जातं आणि तिचा विश्वासही उडतो. आम्ही हात घालतो तो शॉर्ट गेममध्ये, मैदान कसं वाचायचं यात आणि कुठला फटका मारायचा नाही हे ठरवण्यात.

उरलेला दिवस वेगळ्याच कामांत जातो. स्पर्धांचं वेळापत्रक, हॉटेलं, भाड्याची व्हॅन, पाच बॅगा आणि पाच ढकलगाड्या. मुली परीक्षा कधी देणार यासाठी प्राध्यापकांना पत्रं. बजेट, देणगीदारांचे फोन, नव्या मुलींचा शोध. कॉलेज छोटं असेल तर व्हॅन कोचच चालवते आणि सकाळी साडेपाचला सँडविचही तीच भरते.

खेळ सुरू झाल्यावर मात्र या कामाची खरी गंमत कळते. व्यावसायिक गोल्फमध्ये खेळाडूला सल्ला देतो तो कॅडी. कॉलेजात कॅडी नसतो, मुलगी आपली बॅग स्वतः वाहते, पण टीमच्या स्पर्धेत कोचला तिच्याशी बोलायची मुभा असते. पाचही मुलींबरोबर एकाच वेळी चालणं शक्य नाही, म्हणून बहुतेक कोच एखाद्या अवघड पार थ्रीच्या (तीन फटक्यांत संपवायच्या होलच्या) टीवर, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागी, ठाण मांडतात. दहा-बारा मिनिटांच्या अंतराने आपली एकेक मुलगी तिथे येते.

गेल्या वसंतातला एक होल सांगते. एकशे साठ यार्ड, डावीकडे पाणी. टीभोवती दाट झाडी, त्यामुळे उभ्या जागी वाराच जाणवत नव्हता. ग्रीनवरचा झेंडा मात्र ताठ उडत होता. पहिल्या मुलीचा चेंडू मी डोळ्यांनी पाहिला, झाडांच्या वर गेल्यावर जागीच थांबल्यासारखा झाला आणि दहा यार्ड आधी पडला. पुढच्या चौघींना मी एवढंच सांगितलं, "वर वारा तोंडावर आहे. आणि चुकायचं तर उजवीकडे." क्लब त्यांनी त्यांचा निवडला. स्विंगबद्दल मी एक शब्द काढला नाही. त्या होलवर कोणीच पाण्यात गेलं नाही आणि माझ्या लेखी तो दिवस वसूल झाला.

पाच जणी खेळतात आणि चारच स्कोअर धरतात, म्हणजे नेमकं कसं?

स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजून होणाऱ्या खेळात, दर फेरीला टीमच्या पाच मुली उतरतात. त्यातले सगळ्यात चांगले, म्हणजे सगळ्यात कमी फटक्यांचे, चार स्कोअर मिळवून टीमची बेरीज होते आणि पाचवा गळतो. कोणाचा गळेल हे आधी माहीत नसतं. ज्या दिवशी पहिल्या क्रमांकाच्या मुलीचे ८२ होतात, त्या दिवशी पाचव्या क्रमांकाच्या मुलीचे ७६ टीमला तारून नेतात. म्हणून सोळाव्या होलवर "माझा दिवस गेला, माझा स्कोअर कुठे धरणार आहेत" असं म्हणून ढिली पडलेली मुलगी आम्हाला परवडत नाही.

डिव्हिजन वनच्या राष्ट्रीय स्पर्धेत २०१५ पासून शेवटी मॅच प्ले असतो, म्हणजे एकीविरुद्ध एक अशी होलवार लढत. आज ३० टीम येतात, ५४ होलनंतर १५ उरतात, ७२ होलनंतर पहिल्या आठ टीम मॅच प्लेला जातात. तिथे टीम विरुद्ध टीम पाच सामने होतात आणि तीन जिंकणारी टीम पुढे जाते. चार दिवस जिचा स्कोअर गळू शकत होता, तिचा गुण आता टीममधल्या सर्वोत्तम मुलीच्या गुणाइतकाच मोलाचा असतो. माझ्या मते कोचची पारख होते ती इथे. पहिल्या क्रमांकाची मुलगी कोणाच्याही हाताखाली चांगलीच खेळते. पाचव्या क्रमांकाची मुलगी सप्टेंबरात कशी होती आणि मे महिन्यात कशी आहे, ते बघा. कोच काय लायकीची आहे ते तेवढ्यावरून कळतं.

२०१८ ची स्पर्धा आम्ही कोच मंडळी अजून आठवतो. ओक्लाहोमात स्टिलवॉटरच्या कार्स्टन क्रीकवर अॅरिझोनाची टीम बाहेर पडण्याच्या बेतात होती. शेवटच्या होलवर फिलिपिन्सच्या बियांका पगदांगननने ईगल (ठरलेल्या फटक्यांपेक्षा दोन कमी) केला म्हणून आठव्या जागेसाठी बेलरशी बरोबरी तरी झाली. प्लेऑफ जिंकून अॅरिझोना कशीबशी मॅच प्लेत शिरली आणि थेट अंतिम फेरीत पोचली. तिथे अलाबामाविरुद्ध हेली मूरने एकोणिसाव्या, म्हणजे जादा, होलवर बर्डी (एक फटका कमी) करून ३-२ ने विजेतेपद आणलं. कोच होती लॉरा इयानेलो. २००० साली अॅरिझोनाने हेच विजेतेपद जिंकलं, तेव्हा ती त्या टीममध्ये खेळाडू होती.

टीममध्ये कोण खेळणार, हे कोण ठरवतं?

स्पर्धेच्या आधी टीममध्येच पात्रता फेऱ्या होतात. सर्वसाधारणपणे दोन-तीन किंवा चार जागा स्कोअरवर ठरतात आणि उरलेली कोच आपल्या निवडीने भरते. सगळ्याच जागा स्कोअरवर द्याव्यात असं म्हणणारे कोच आहेत. मला ते पटत नाही. एखादी मुलगी ओळखीच्या मैदानावर सुरेख खेळते आणि वाऱ्यात कोलमडते. आकडे ते सांगत नाहीत, तिला वर्षभर बघणारा माणूस सांगतो. पण निवड आपण केली की उत्तरही आपणच द्यायचं.

माझ्या दुसऱ्या वर्षी मी एक मोठी चूक केली. हेड कोच प्रवासात होती आणि पाचवी जागा कोणाला ते कळवायचं काम माझ्याकडे होतं. जिची जागा गेली, त्या मुलीला मी मेसेज पाठवला. दोन ओळींचा. ती त्या वेळी लायब्ररीत मैत्रिणींबरोबर बसली होती आणि जागा मिळालेली मुलगी तिच्या शेजारच्याच खुर्चीत होती. दुसऱ्या दिवशी ती सरावाला आली, सगळं केलं, पण माझ्याशी बोलली नाही. दीड महिना बोलली नाही. तेव्हापासून अशी बातमी मी समोर बसून देते. आधी निर्णय सांगते, मग कारण, आणि नंतर गप्प बसून तिचं ऐकते. पंधरा मिनिटं लागतात आणि ती दर वेळी जड जातात.

कोच व्हायला कुठली पदवी किंवा परीक्षा लागते?

या नोकरीसाठी सरकारी परवाना नाही. पदवी लागतेच आणि बऱ्याच कॉलेजांना पदव्युत्तर शिक्षण असेल तर हवं असतं. कॉलेज स्तरावर खेळल्याचा अनुभव फार उपयोगी पडतो. एलपीजीएचा (महिला व्यावसायिक गोल्फ संघटनेचा) शिक्षक-व्यावसायिकांचा वेगळा विभाग १९५९ पासून आहे, त्याचं किंवा पीजीए या व्यावसायिक गोल्फ संघटनेचं प्रमाणपत्र असलं तर अर्जाला वजन येतं. पण निवड समितीसमोर विचारतात ते असं: "परीक्षेच्या आठवड्यात मुलगी रडत आली तर काय कराल?", "निम्मं बजेट कापलं तर कुठली स्पर्धा सोडाल?" याची उत्तरं प्रमाणपत्रात नसतात.

सुरुवात कुठून होते आणि वर जायला किती वर्षं लागतात?

नेहमीचा रस्ता असा: खेळाडू, मग ग्रॅज्युएट असिस्टंट, मग असिस्टंट कोच, मग छोट्या कॉलेजात हेड कोच, मग मोठ्या. ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणजे एम.ए. किंवा एम.एस. करता करता टीमचं काम करायचं. फी माफ होते आणि हातखर्चापुरते पैसे मिळतात. मी तशीच आले.

खऱ्या माणसांची उदाहरणं बघा. अॅन वॉकर मूळची स्कॉटलंडची. बर्कलीला कॉलेज गोल्फ खेळली, डेव्हिसला हेड कोच झाली आणि २०१२ मध्ये स्टॅनफर्डला आली. तिथे २०१५, २०२२ आणि २०२४ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं. इयानेलो आपल्याच कॉलेजात खेळली, २०१० मध्ये तिथेच हेड कोच झाली आणि २०२३ मध्ये टेक्सासला गेली. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती मेरी लू मलफ्लर. वॉशिंग्टन विद्यापीठात ती खेळली, १९८३ मध्ये तिथेच हेड कोच झाली आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं ते २०१६ साली, ओरेगनमधल्या युजीनला. मध्ये तेहतीस वर्षं! त्या वर्षांत किती मुली तिच्या हाताखालून गेल्या असतील, आणि त्यांतल्या बहुतेकींच्या वाट्याला करंडक आलाच नाही. त्यांच्यासाठीही ती रोज पहाटे मैदानावर होतीच.

कॉलेजात मुलींचं गोल्फ कधीपासून आहे?

मुलींची पहिली आंतर-महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धा १९४१ मध्ये ओहायो स्टेटमध्ये झाली. ग्लॅडिस पामर या शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिकेने ती भरवली. बायकांनी स्पर्धा खेळाव्यात का, यावरच तेव्हा वाद होता. १९७२ च्या जून महिन्यात टायटल नाइन कायदा झाला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगी म्हणून कोणाला डावलणं बेकायदा ठरलं. कॉलेजांनी मुलींच्या टीम उभ्या केल्या, स्कॉलरशिप आल्या आणि कोचची पगारी पदं निर्माण झाली. आजची माझी नोकरी त्या कायद्याच्या पोटातून आलेली आहे.

ओक्लाहोमातल्या टल्सा विद्यापीठात १९७४ मध्ये डेल मॅकनमारा यांनी महिला टीम उभी केली. नॅन्सी लोपेझ तिथलीच. १९७६ मध्ये तिने कॉलेजचं वैयक्तिक राष्ट्रीय विजेतेपद घेतलं आणि १९७८ मध्ये व्यावसायिक म्हणून पहिल्याच पूर्ण हंगामात नऊ स्पर्धा जिंकल्या, त्यांतल्या पाच ओळीने. तोवर महिलांच्या कॉलेज स्पर्धा एआयएडब्ल्यू ही बायकांनी चालवलेली संघटना बघत असे. १९८२ मध्ये एनसीएए या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेने आपली पहिली महिला गोल्फ स्पर्धा भरवली आणि ती जिंकली टल्सानेच. त्यानंतर अॅरिझोना स्टेटच्या लिंडा व्होलस्टेट यांनी १९९० ते १९९८ या काळात सहा विजेतेपदं घेतली. ड्यूकचे डॅन ब्रूक्स १९८४ मध्ये रुजू झाले आणि १९९९ ते २०१९ या काळात त्यांच्या नावावर सात लागली.

म्हणजे महिला टीमचा कोच पुरुषही असतो?

असतो, आणि उत्तम असतो. ब्रूक्स यांचं उदाहरण वर आहेच. पण यामागचा आकडा मला दुखतो. टायटल नाइन आला तेव्हा कॉलेजांतल्या महिला टीमच्या कोचपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बायका होत्या. सगळे खेळ मिळून हे प्रमाण २०१४ मध्ये ४३.४ टक्के होतं. पदाला पगार आणि मान आल्याबरोबर पुरुष या पदाकडे वळले, आणि पदं भरणारे क्रीडा संचालक बहुतेक पुरुषच होते. मुलींच्या संधी वाढल्या आणि त्यांना शिकवणाऱ्या बायकांचा वाटा घटला, या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यानंतर घडल्या. अठरा वर्षांच्या मुलीने आपल्यासारखी दिसणारी बाई टीम चालवताना रोज पाहावी, असं मला मनापासून वाटतं. पुण्याच्या मुलींनी ही वाट धरावी म्हणून मी मागे लागते, त्याचं हेही एक कारण आहे.

वर्षभराचं वेळापत्रक कसं असतं?

ऑगस्टच्या शेवटी मुली येतात. सप्टेंबर ते नोव्हेंबरची सुरुवात हा पहिला हंगाम, मग हिवाळ्यात व्यायामशाळा आणि सिम्युलेटर, मग फेब्रुवारी ते एप्रिल दुसरा हंगाम. एप्रिलमध्ये कॉन्फरन्सची, म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांची, स्पर्धा. डिव्हिजन वनला मे महिन्यात सहा ठिकाणी रीजनल (विभागीय पात्रता स्पर्धा) होतात, प्रत्येकी १२ टीम, त्यांतल्या पाच राष्ट्रीय स्पर्धेला. उन्हाळ्यात मुली घरी जातात आणि कोच ज्युनियर स्पर्धा बघत फिरते.

हंगामात सराव आणि स्पर्धा मिळून आठवड्याला वीसच तास घेता येतात, दिवसाला चार, आणि एक दिवस सुट्टी द्यावीच लागते. स्पर्धेचा दिवस कितीही लांबला तरी तीन तासच धरतात. छत्तीस होल चालून आलेल्या मुलीला हे सांगून बघा! बहुतेक स्पर्धा चोपन्न होलच्या असतात आणि कित्येकदा पहिल्या दिवशी छत्तीस होल असतात. सकाळी साडेसातला सुरू केलेला दिवस संध्याकाळी सहाला संपतो. त्यानंतर हॉटेलच्या लॉबीत बसून मुली असाइनमेंट करतात, कारण ती रात्री बारापर्यंत द्यायची असते. त्या वेळी त्यांच्याबरोबर जागं राहणं माझ्या करारात लिहिलेलं नाही, पण मी बसते.

मुली निवडताना कोच काय बघते?

स्कोअर तर ऑनलाइन दिसतोच. मैदानावर जाऊन आम्ही बघतो ते पुढचं. डबल बोगीनंतरच्या (ठरल्यापेक्षा दोन फटके जास्त गेल्यानंतरच्या) टीवर ती कशी उभी राहते. सोबतच्या मुलीचा चेंडू हरवला तर शोधायला जाते का. अठराव्या होलनंतर आईशी कशी बोलते. एकदा एका फार गुणी मुलीला बघायला मी चार तास गाडी चालवत गेले. तिने ७१ मारले आणि पाण्याची बाटली आणायला उशीर झाला म्हणून पार्किंगमध्ये आईला सगळ्यांदेखत झापलं. मी वहीत तिच्या नावापुढे काही लिहिलं नाही आणि परत निघाले.

आईवडिलांना एक कळकळीची विनंती. कोचला लिहिणारं पत्र मुलीने लिहावं. बाबांनी लिहिलेलं पत्र पहिल्या ओळीत ओळखू येतं.

नियमाची बाजूही सांगून ठेवते. डिव्हिजन वनचे कोच मुलीशी तिची दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून थेट बोलू शकतात आणि अधिकृत भेटीला तिला अकरावीच्या वर्षीच्या १ ऑगस्टपासून बोलावू शकतात. त्याआधी उत्तर आलं नाही म्हणून निराश होऊ नका. आम्हाला नियमाने उत्तर देता येत नाही, पण आम्ही पत्रं वाचतो.

पूर्ण स्कॉलरशिप कितीजणींना मिळते? आणि त्यात कोचचा हात किती?

२०२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या महिला टीमला सहा पूर्ण स्कॉलरशिपइतकी रक्कम देता येत होती आणि ती आठ-नऊ मुलींत कशी वाटायची हे कोच ठरवायची. ६ जून २०२५ ला फेडरल न्यायालयाने कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाउस खटल्यातल्या तडजोडीला मान्यता दिली. आता ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांत स्कॉलरशिपवर मर्यादा नाही, टीमच्या आकारावर आहे: जास्तीत जास्त नऊ मुली. कागदावर नवाच्या नवांना पूर्ण स्कॉलरशिप देता येते, पण पैसे कॉलेजने काढायला हवेत. त्याच तडजोडीने कॉलेजांना पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना देता येऊ लागली आणि तिचा मोठा वाटा फुटबॉल-बास्केटबॉलकडे जातो. गोल्फची कोच देणगीदारांकडे पूर्वीपेक्षा जास्त खेटे घालते ती म्हणून. डिव्हिजन टूमध्ये महिला गोल्फला ५.४ स्कॉलरशिपची मर्यादा आहे, आणि डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच.

पगार किती?

कॉलेजागणिक जमीन-अस्मानाचा फरक आहे. सरकारी विद्यापीठांचे पगार सार्वजनिक असतात, अर्ज करण्याआधी ते बघून घ्या. मोठ्या कॉन्फरन्सची हेड कोच चांगलं कमावते आणि रीजनल किंवा राष्ट्रीय स्पर्धेत पोचल्यावर वर बोनस असतो. छोट्या कॉलेजातली असिस्टंट बहुतेकदा अर्धवेळ असते. पहिली दोन वर्षं मी सकाळी गोल्फ कोर्सच्या दुकानात काउंटर सांभाळला आणि दुपारी टीमबरोबर गेले. पगार बोलताना घर, गाडी, आरोग्य विमा आणि फीमाफी यांबद्दल स्पष्ट विचारा. संकोच करून मी एक वर्ष विम्याशिवाय काढलं, तसं करू नका.

निकाल आले नाहीत तर नोकरी जाते?

जाऊ शकते. फुटबॉलइतक्या लवकर नाही, पण नवा क्रीडा संचालक आला की सगळ्या खेळांच्या कोचना धाकधूक असते. आणि निकाल आपल्या हातात किती असतो, हे २०२१ ने दाखवलं. लुइझियानात बॅटन रूजच्या रीजनलला १८ टीम आल्या होत्या. पाऊस थांबेना, मैदान भिजून गेलं आणि तिसऱ्या दिवशी एकही फटका न खेळता स्पर्धा रद्द झाली. मानांकनातल्या पहिल्या सहा टीम पुढे गेल्या, बारा टीमचं वर्ष तिथेच संपलं. त्या बारा टीमच्या शेवटच्या वर्षाच्या मुली हॉटेलच्या आवारात रडत होत्या. पुढे गेलेल्या सहांपैकी ओल मिसने (मिसिसिपी विद्यापीठाने) त्याच महिन्यात राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. उरलेल्या बारा कोचना घरी जाताना व्हॅनमध्ये काय बोलावं लागलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तुमची सर्वोत्तम मुलगी मध्येच जाऊ शकते, हेही गृहीत धरा. स्टॅनफर्डची रोझ झँग २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षं वैयक्तिक विजेती झाली, असं आधी कोणत्याही मुलीने केलं नव्हतं. मग ती व्यावसायिक झाली आणि पहिलीच स्पर्धा जिंकली. तिच्याशिवाय स्टॅनफर्डने २०२४ चं विजेतेपद घेतलं. त्या टीमच्या फळीत भारतीय वंशाची मेघा गन्ने होती, तीच पुढे २०२५ ची यूएस विमेन्स अॅमॅच्युअर विजेती झाली. अॅन वॉकरचं मोठेपण मला तीन करंडकांपेक्षा या एका वर्षात जास्त दिसतं.

संसार आणि मुलंबाळं सांभाळून हे जमतं का?

जमतं, पण घरचं माणूस समजूतदार लागतं आणि हेड कोचही. वर्षाकाठी दहा-बारा स्पर्धा, प्रत्येकीचे चार दिवस, वर रिक्रूटिंगचा उन्हाळा. तान्ह्या बाळाला घेऊन स्पर्धेला येणाऱ्या कोच मी पाहिल्या आहेत, टीमच्या मुली आळीपाळीने बाळ सांभाळतात.

भारतीय नागरिकाला ही नोकरी मिळते का?

मिळते. इथे शिकून पदवी घेतलीत, तर एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर वर्षभर काम करता येतं. त्यानंतर कॉलेजला एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, काढावा लागतो. विद्यापीठांना वार्षिक कोट्याची अट लागू नाही, त्यामुळे सोडतीची भीती नसते. पण सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हापासून छोटी कॉलेजं बाहेरून माणूस आणायला कचरतात. म्हणून इथे विद्यार्थिनी म्हणून येऊन आतून वर चढणं हाच आज शहाणपणाचा रस्ता आहे. कॉलेज व्हिसाचा खर्च करणार का, हे मुलाखतीच्या पहिल्या फेरीतच विचारा.

चांगलं खेळणाऱ्या मुलीने कॉलेजात न जाता सरळ व्यावसायिक व्हावं का?

बंगळुरूची अदिती अशोक २०१६ च्या सुरुवातीला, सतराव्या वर्षी व्यावसायिक झाली आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. ती अपवाद आहे. आपल्याकडे मुलगी क्लबातून आणि महासंघाच्या स्पर्धांतून वर येते. स्पर्धा, प्रवास, कोच, फिजिओ या सगळ्याचा खर्च घरच्यांवर पडतो. अमेरिकेतल्या कॉलेजात चार वर्षं तो खर्च कॉलेज उचलतं आणि हातात पदवी येते. व्यावसायिक होऊन जमलं नाही तर ती पदवी उपयोगी पडते, आणि कोच व्हायचं असेल तर तिच्याशिवाय चालतच नाही. माझ्याकडे आलेल्या दहापैकी नऊ मुलींना मी कॉलेजच सांगेन.

असिस्टंट कोचसाठी अर्ज कसा लिहायचा?

हेड कोचला थेट ईमेल करा, एका पानाचा. तिच्या टीमचे गेल्या हंगामाचे स्कोअर उघडून बसा आणि चौथ्या-पाचव्या जागेवर किती मुली बदलून खेळवल्या ते बघा. त्यावर तुम्हाला काय सुचतं ते तीन ओळींत लिहा. मग तुमचा स्वतःचा खेळण्याचा अनुभव, पदवी कधी पूर्ण होते आणि व्हिसाची स्थिती. मोठी व्हॅन चालवता येत असेल आणि अमेरिकन परवाना असेल, तर तेही नक्की लिहा. बहुतेक जागांच्या जाहिराती मे ते जुलैमध्ये निघतात, पण एप्रिलमध्येच पत्र पाठवा, कोण सोडून जाणार आहे हे हेड कोचला तोवर कळलेलं असतं.